एकतिसावी खोली

५ जून

धाकटे,

येत्या आठवड्यात तुला दातांच्या एका डॉक्टरबाईंचा फोन येईल. त्यांना नाही म्हणू नकोस.

त्या भरभर बोलतात. समोरच्याचं तोंड उघडं आणि कापसाने भरलेलं असण्याची सवय, त्यामुळे प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबत नाहीत. त्या सांगतील की त्यांच्यासारखे पंधराजण मिळून 'तीस खोल्या' नव्याने बनवताहेत. चार वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी, आपापल्या घरून, कुणी सांगितलेलं नसताना. जुना गेम ज्या मशीनवर चालायचा ती मशीनं आता भंगारातही मिळत नाहीत, म्हणून चित्रं नवी, आवाज नवे. शब्द मात्र जसेच्या तसे. डॉक्टरबाई दहा वर्षांच्या असताना मामाच्या घरी त्यांनी पहिल्यांदा 'दार उघड' असं टाइप केलं होतं आणि रिकाम्या हॉटेलाने त्यांना उत्तर दिलं होतं. ते उत्तर त्यांना अजून पाठ आहे. मला म्हणून दाखवलं. बरोबर म्हटलं.

त्यांनी परवानगी मागितली तेव्हा तू ती दोन ओळींत दिलीस, असं कळलं. मग खरं हॉटेल कसं होतं ते बघायला त्या तिथे गेल्या. तिथे आता कुठल्याशा कंपनीचं ट्रेनिंग सेंटर आहे. फाटकावरच्या म्हाताऱ्याने त्यांना माझा पत्ता दिला.

"तुम्ही तिथे कामाला होता ना? खोल्यांबद्दल काही आठवतं का?" त्यांनी दारातच विचारलं.

"थोडंफार," मी म्हटलं.

नऊ ऑगस्टला दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. तू स्टेजवर बसायचं आणि पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत गेम स्वतःच्या हाताने खेळून दाखवायचा, अशी त्यांची इच्छा आहे. मागे मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल. ये.

तेवीस वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आडपडदा नको. मला तुझ्याकडून एक वाक्य हवं आहे. त्या दिवशी माइकवर म्हण: आमची आई या हॉटेलात खोल्या आवरायची, आणि त्या खोल्या ताईने लिहिल्या. नुसतं पहिलं अर्धं म्हटलंस तरी चालेल. दुसरं मी सोडून देईन.

नाही म्हटलंस तर काय करायचं, ते मी ठरवलेलं नाही. पण शाळेच्या लायब्ररीतली नोकरी सोडून मला तीन वर्षं झाली. वेळ भरपूर आहे, डोळे चांगले आहेत, आणि राग अजून टवटवीत आहे.

ताई

२९ जून

धाकटे,

तू येते आहेस, हे डॉक्टरबाईंकडून कळलं. मला उत्तर नाही. बरं.

दर रविवारी मी त्यांच्या दवाखान्यात जाते. दवाखाना बंद असतो. मला पेशंटच्या खुर्चीत बसवतात, कारण आरामाची खुर्ची तेवढी एकच. औजारांच्या ट्रेवर कॉम्प्युटर, डोक्यावर तो दिवा. प्रश्न अडचणीचा असला की डॉक्टरबाई सवयीने पायाने खुर्ची मागे झुकवतात, आणि मी छताकडे बघत उत्तर देते. त्यांच्याबरोबर एक लिफ्ट दुरुस्त करणारा असतो. उंच, जाड, गप्प. गेमची आतली सगळी यंत्रणा त्याने जुळवली आहे. तासाला एक वाक्य बोलतो आणि ते ऐकण्यासारखं असतं.

पहिल्याच रविवारी मी वह्या नेल्या. चौकटीच्या कागदावरचे नकाशे तुझे, ओळी माझ्या. डॉक्टरबाईंनी पानं उलटली, परत उलटली.

"यात तर सगळ्याच खोल्या आहेत."

"हो."

"म्हणजे त्या सांगायच्या आणि तुम्ही उतरवून घ्यायचात?"

"ती कधी वर गेलीच नाही," मी म्हटलं. "ती खाली, काउंटरमागे, मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर. वर मी जायचे. आईबरोबर, बादली घेऊन."

त्यांनी खुर्ची मागे झुकवली. लिफ्टवाल्याने त्या तासाचं वाक्य वापरलं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मोठी बहीण."

डॉक्टरबाई आपल्या गोल स्टुलावर बसल्या. "मग गेमच्या खोक्यावर एकट्या त्यांचंच नाव..."

"त्या दिवशी ती स्वतःच सांगणार आहे," मी म्हटलं. "तोवर तुम्ही कुणाला बोलू नका."

बघ, तुझ्याबद्दल मी किती चांगलं बोलते.

ही माणसं मजेशीर आहेत. बाराव्या खोलीत मी एका माणसाच्या पलंगावर दोन उशा लिहून ठेवल्या होत्या. माझी चूक. पस्तीस वर्षं मला ती टोचते आहे. म्हटलं, आता एक उशी काढून टाका. दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी एखाद्याचा चांगला दात उपटायला सांगितला. "ती चूक नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या दुसऱ्या उशीवर आम्हा जुन्या खेळणाऱ्यांत अकरा वर्षं वाद चाललाय. कोण येणार होतं, यावर." कुणी येणार नव्हतं गं. मी घाईत होते.

त्या दुपारी मला आठवत राहिल्या. हंगाम संपलेला, हॉटेलात चार पाहुणे, तू पंधरा वर्षांची, मी एकोणीस. तू खालून ओरडायचीस, "ताई, खोली आठ, चाळीस शब्द. एकही जास्त नाही." आणि मी जिन्यात बसून शब्द मोजायचे. शाळेतल्या सिस्टर आपल्याकडून सारांश लिहून घ्यायच्या, आठवतं? अख्ख्या धड्याचा चाळीस शब्दांत. 'जे काढल्यावर दुखत नाही ते काढा' म्हणायच्या. खोलीत काय काढायचं हे मला कळायचं, कारण ती मी सकाळीच झाडलेली असायची.

एक कबुली देते, कारण मला तुझ्याशी भांडायचंय ते खऱ्यावर. गेम विकणाऱ्या कंपनीचा फॉर्म आला तेव्हा त्यात नावाला एकच ओळ होती. तू विचारलं होतंस, "ताई, कुणाचं घालू?" मी हात पुसत होते. मी म्हटलं, "तुझं घाल. मला कोण विचारतंय." हे खरं आहे. म्हणूनच वाक्याचं दुसरं अर्धं सोडायला मी तयार आहे.

पहिलं अर्धं लपवायची परवानगी तुला कुणी दिली नव्हती.

ताई

१६ जुलै

(हे पत्र लिहून ठेवते. कार्यक्रम झाल्यावर पेटीत टाकेन.)

धाकटे,

तेवीस वर्षांपूर्वी तुझी मुलाखत ज्या मासिकात आली होती ते मी हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर वाचलं. चार पानं, फोटोसकट. 'मी आमच्या हॉटेलातच लहानाची मोठी झाले. आई सगळ्या पाहुण्यांचं जातीने बघायची.' आमच्या हॉटेलात. वाक्य मोठं चतुर आहे. त्यात खोटं म्हणून बोट ठेवावं असा एकही शब्द नाही.

आत आई पडून होती. म्हणाली, "धाकटीचं काय आलंय ते वाच." मी वाचताना ते वाक्य गाळणार होते, पण आईला माझं गाळणं कळायचं. सगळं वाचलं. मग तिने पांघरूण बाजूला करून आपले सुजलेले पाय बघितले.

"मी मालकीण होते," म्हणाली, "तर मग हे गुडघे कुणाचे?"

आणि हसली. नर्सलासुद्धा सांगितलं, "माझी धाकटी मला मालकीण म्हणते." दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपली ती जेवायलाच उठली नाही. पुढच्या महिन्यात गेली. तू आलीस, एक दिवस राहिलीस, चांगलं रडलीस. मी तुला काही बोलले नाही. बोलायला गेले असते तर हात उचलला असता.

आता गेल्या रविवारची गोष्ट. मी डॉक्टरबाईंना एकतिसाव्या खोलीबद्दल सांगितलं. वहीत ती शेवटी आहे. लॉन्ड्रीमागची, आपण तिघी राहायचो ती. तू तेव्हा म्हणाली होतीस, "ताई, मशीनमध्ये जागाच उरली नाही, ही एक राहू दे." मी म्हटलं होतं, बरं.

लिफ्टवाल्याकडे जुन्या गेमची आतली सगळी नोंद आहे. त्याने चष्मा वर केला, बराच वेळ आकडे बघितले.

"जागा होती," तो म्हणाला. "अशा दोन खोल्या मावल्या असत्या."

डॉक्टरबाईंनी खुर्ची झुकवली नाही. मीच मागे टेकले.

त्यामुळे धाकटे, ठरलं. एकतिसावी खोली नव्या गेममध्ये येते आहे. त्यांचा नियम मोडत नाही, कारण ओळी जुन्याच आहेत, माझ्या अक्षरातल्या. फक्त तिथून बाहेर कसं पडायचं ते मी नव्याने लिहिलं. खोलीत विस्कटलेला पलंग आहे. तो आवरल्याशिवाय दार उघडत नाही. आणि आवरायचा आईच्या पद्धतीने: गादी उलटायची, खालची चादर, कोपरे खोचायचे, वरची चादर, आणि शेवटी उशी, अभ्र्याचं तोंड दाराकडे येऊ न देता. दारातून आत येणाऱ्याला शिवण आणि चुण्या दिसू नयेत म्हणून. पाहुण्यांच्या हे कधी लक्षात येत नाही. आवरणाऱ्याला मात्र हे झोपेतही येतं.

तुला यायचं नाही. तू सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेला पळायचीस. स्वतःची चादरसुद्धा तू कधी घडी केली नाहीस.

वाक्य म्हटलंस तर मी लिफ्टवाल्याला खूण करेन आणि तो दार उघडून देईल. नाही म्हटलंस तर तीनशे माणसांसमोर तू आपल्याच घरात उभी राहशील, आणि तुला आपलाच पलंग आवरता येणार नाही.

ताई

११ ऑगस्ट

धाकटे,

परवा तू छान दिसत होतीस. केस पांढरे होऊ दिलेस ते बरं केलंस. आईवर गेली आहेस.

मी तिसऱ्या रांगेत होते, ते तुला आत आल्याबरोबर दिसलं. मान हलवलीस, ओळखीच्या दुकानदाराकडे बघून हलवावी तशी. मग माइक घेतलास आणि हॉल जिंकलास. मी खोटं बोलणार नाही, तुला ते येतं. माणसं तुझ्याबरोबर ओळी पुटपुटत होती. पाचव्या खोलीतली ती ओळ, 'कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी उशी', तीनशेजण एका आवाजात म्हणाले. माझी ओळ. मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

वाक्य तू म्हटलं नाहीस. पडद्यावर जिना उतरून लॉन्ड्रीपर्यंत आलीस, तोवर मी वाट बघितली. लिफ्टवाला माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली नाही.

मग ते दार उघडलं. पस्तीस वर्षांत कुणी न बघितलेली खोली. बाकी सगळ्या खोल्या तू मोठ्याने वाचल्यास. ही मनात वाचलीस.

'पुढे जा', तू टाइप केलंस. पलंग आवरलेला नाही, असं उत्तर आलं. 'दार उघड.' तेच. 'खिडकी उघड.' इथे खिडकी नाही. लोक हसले, तूही हसलीस. मग तू टाइप केलंस, 'घंटी वाजव'.

'घंटी वाजते. ऐकायला कोणी नाही.'

आणि मग, 'मोलकरणीला बोलाव'.

हे तू टाइप करशील असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं होतं, म्हणून तर उत्तर लिहून ठेवलं होतं. 'तिचे गुडघे दुखतात. आज तूच आवर.'

पडद्यावर ते केवढं मोठं दिसत होतं. तू कीबोर्डवरून हात काढून घेतलास. सगळे हसले, त्यांना तो गेमचा विनोद वाटला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुणाला मदत करायची आहे?" आणि मी उठले. मला उठायचं नव्हतं. पाय उठले.

तुझ्या शेजारी उभी राहिले तेव्हा माइक खाली धरून तू म्हणालीस, "ताई, पुरे कर."

मी पाच ओळी टाइप केल्या. दार उघडलं. टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी ओरडून विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हटलं, "मी आणि माझी आई या हॉटेलात खोल्या आवरायचो." आणि तुझ्याकडे बघितलं. यापेक्षा सोपं करून मी तुला देऊ शकत नव्हते. तुला फक्त 'माझीही' एवढंच म्हणायचं होतं.

तू हसून माइक उचललास. "आमच्याकडे किती जुनी माणसं होती, बघा," म्हणालीस, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलास.

डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं होतं. मीच त्यांचा हात दाबला. चारचौघांत तमाशा करायचा नाही, हे सिस्टरांनी अंगात इतकं भिनवलंय की सख्ख्या बहिणीने मोलकरीण केलं तरी मी नमस्कार करून खाली उतरले.

सोबत जुलैचं पत्र टाकते आहे. आधी ते वाच म्हणजे संगती लागेल.

ताई

२० ऑगस्ट

धाकटे,

आज मला जे कळलं ते तुला माहीतच आहे, पण मला कळलंय हे तुला माहीत नाही.

ही मंडळी गेम बाहेर काढण्याआधी तो काही माणसांना घरी खेळायला देतात. खेळणारा जे जे टाइप करतो त्याची वेळेसकट नोंद होते आणि ती लिफ्टवाल्याकडे येते. कोण कुठे अडलं ते कळावं म्हणून. पहिल्याच पानावर तसं लिहिलेलं असतं, खाली 'मान्य' दाबायचं असतं. या सगळ्या नोंदी ते गेमबरोबर जगजाहीर करतात. चार वर्षांचा त्यांचा शिरस्ता आहे.

लिफ्टवाल्याने तुला एक प्रत पाठवली होती. मला न विचारता. पाहुण्या आहेत, आधी हात बसलेला बरा, असं त्याला वाटलं. तू न वाचता 'मान्य' दाबलंस. सहीचं पान न वाचता सही करायची तुझी सवय जुनी.

आज रविवारी त्याने छापलेला कागद माझ्या मांडीवर ठेवला. तीन ऑगस्ट, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. खोली एकतीस.

'गादी उलट.'
'खालची चादर घाल.'
'कोपरे खोच. पायाकडचे आधी.'
'वरची चादर घाल.'
'उशी ठेव. तोंड भिंतीकडे.'

एकदाही अडली नाहीस. आणि 'पायाकडचे आधी' हे मी गेममध्ये घातलेलंच नव्हतं. मी ते विसरले होते. आई पायाकडचे कोपरे आधी खोचायची, खरंच. तू दप्तर भरता भरता बघायचीस तर.

म्हणजे नऊ तारखेला तुला येत होतं. तीनशे माणसांसमोर येत नसल्याचं सोंग केलंस. अडाणी दिसलीस तरी चालेल, पण चादर खोचता येते हे कुणाला कळायला नको. मला मिळालं ते हेच, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. खुर्चीत बसल्या बसल्या पायाचे अंगठे ताठ झाले. सापडलीस, असं मनात आलं.

मग कागदाचा खालचा भाग वाचला.

दार उघडल्यावर तू बाहेर गेली नाहीस. 'पलंगावर बस', असं टाइप केलंस. मग 'वाट बघ'. मग परत 'वाट बघ'. नऊ वेळा. मग, 'आईला हाक मार'.

'असं इथे काही नाही.'

'आई.'

'असं इथे काही नाही.'

तीन बावन्न. बंद.

ते गेमचं ठरलेलं उत्तर आहे. ज्या शब्दाला मी काही लिहिलं नाही त्याला तेच येतं. मी दोनशे बारा उत्तरं लिहिली होती. कुणी 'नाच' टाइप केलं तर, कुणी शिवी दिली तर, कुणी पडदे खाल्ले तर. आईच्या खोलीत कुणी आईला हाक मारेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

डॉक्टरबाई विचारत होत्या, "ही नोंद घालायची का? तुम्ही म्हणाल तर ही एक वगळू." मी म्हटलं, विचार करते. बसस्टॉपवर उभी राहून विचार केला. तुझ्या या बेचाळीस मिनिटांची दया येते आहे. तीस सेकंदांच्या त्या खांद्यावरच्या हाताची येत नाही.

ताई

७ सप्टेंबर

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. तेवीस वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. बदललेलं नाही, अजून ओळ सोडून वर चढतं.

तू लिहितेस, मुलांनाही माहीत नाही. पंधराव्या वर्षी वर्गात एकदा 'आमचं हॉटेल' असं बोलून गेले आणि मग मागे फिरताच आलं नाही. लिहितेस, त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, घरी येईपर्यंत गाडीत बसून रडले. लिहितेस, ताई, ती नोंद काढायला सांग, आणि जमलं तर आईसाठी काहीतरी उत्तर लिही, ते 'असं इथे काही नाही' मला सहन होत नाही.

पहिल्या मागणीचं उत्तर मी आज देत नाही.

दुसरीचं देते. मी लिहिणार नाही. मला जमत नाही म्हणून नव्हे. तीस खोल्या मी लिहिल्या, त्यांतल्या एकीतही तू पाय ठेवला नव्हतास. ही एक तू लिही. चाळीस शब्दांच्या आत. तू खालून मला ओरडून सांगायचीस ना, तसं मी सांगते: एकही जास्त नाही. आई काय करते आहे ते लिही. खरं काय करायची ते. आणि खाली तू तिची कोण ते लिही. तू पाठवशील तसं, शब्द न हलवता, ते गेममध्ये जाईल.

पंचवीस तारखेपर्यंत आलं नाही तर जे आहे ते तसंच राहील. पुढची पन्नास वर्षं जो कुणी त्या खोलीत आईला हाक मारेल, त्याला सांगितलं जाईल की असं इथे काही नाही. त्याला जबाबदार मी नसेन.

मला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, हे तुला माहीत आहे आणि तू ते वापरशील.

ताई

३० सप्टेंबर

धाकटे,

तुझी ओळ चोवीस तारखेला आली. माझ्याकडे न पाठवता डॉक्टरबाईंकडे पाठवलीस. त्यांनी खुर्ची सरळ केली, दिवा बंद केला आणि मग वाचून दाखवली.

'आई शेजारच्या खोलीत चादरी बदलते आहे. तिला हाक मारू नकोस. अजून अकरा खोल्या राहिल्या आहेत, आणि ती हात थांबवत नाही.'

खाली: 'खोल्या आवरणाऱ्या बाईंची धाकटी मुलगी', आणि तुझं पूर्ण नाव, खोक्यावर होतं तेच.

चांगली आहे. मी तीनदा वाचली आणि मला राग आला. मी लिहिली असती तर आई तुझ्याकडे वळली असती, काहीतरी बोलली असती. ते खोटं झालं असतं. ती वळायची नाही. शब्द मोजले. चाळीसच्या कितीतरी आत. काढायला काही सापडेना.

लिफ्टवाला म्हणाला, "ही त्यांनीच लिहिलीय?" मी म्हटलं, हो, तिनेच.

गेम काल बाहेर गेला. नोंदीही गेल्या, तुझीही. तू काढायला सांगितली होतीस, मी शब्द दिला नव्हता. डॉक्टरबाईंनी शेवटचं विचारलं तेव्हा मी विचारलं, "बाकी कुणाची काढताय?" म्हणाल्या, नाही. मग तिचीही नको, म्हटलं. आता ज्याला हवं तो वाचेल, तीन ऑगस्टला तुला काय येत होतं आणि नऊ ऑगस्टला काय येईनासं झालं.

आज सकाळी तुझ्या मुलीचा फोन आला. मी ओळखलं नाही. "मावशी," म्हणाली, "आजी काय करायची?" तिने ओळ आणि नोंद, दोन्ही वाचलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. दीड तास लागला. गुडघ्यांचं सांगितलं तेव्हा ती हसली. शेवटी म्हणाली, "आईशी मी काय बोलू?" मी म्हटलं, ते मला विचारू नकोस बाळा, मी तेवीस वर्षं तेच शोधते आहे. तुझ्या खांद्यावरच्या हाताचंही मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं, असं फोन ठेवल्यावर वाटलं. पण आधी वाटलं नाही.

एक राहिलं. गेम पाठवण्याआधी शेवटच्या पानावर नावं घालायची होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "एकाशेजारी एक, की एकाखाली एक?"

"एकाखाली एक," मी म्हटलं. "सगळ्यात वर आईचं. कामासकट."

"मग?"

"मग माझं."

"आणि त्यांचं?"

"मधे चार कोऱ्या ओळी सोडा, मग तिचं."

लिफ्टवाल्याने माझ्याकडे बघितलं. "दोन पुरतील," म्हणाला.

"चार," मी म्हटलं.

ताई